तिसऱ्या कार्बनवरचा निरोप

जयमाला साळवेचं टायपिंग इन्स्टिट्यूट संगमनेरच्या बस स्टँडमागं, खताच्या दुकानाच्या वर होतं. खाली युरियाची पोती आणि वर चौदा मशीन. तिथं शिकलेल्यांना आयुष्यभर युरियाचा वास आला की आपोआप बोटं हलवावीशी वाटतात, असं ती सांगायची. मी तिच्याकडे ब्याऐंशी साली शिकायला गेले, दोनदा नापास झाले आणि तिची मैत्रीण होऊन बाहेर पडले. "प्रेमे, तुझी बोटं भजी तळायची आहेत," असं ती मला सर्टिफिकेटाऐवजी म्हणाली होती. पुढं मी दूध संघाच्या ऑफिसात आवक-जावक टपाल बघायला लागले. तिथं स्पीड कुणी विचारत नाही.

जयमाला उंचीनं पाच फुटांच्या आत, पण जिभेनं सहाच्या वर. कांजी केलेली सुती साडी, कानामागं लाल पेन्सिल. एकदा तालुक्याचे एक पुढारी आपल्या चिरंजिवांना परीक्षेत "जरा सांभाळून घ्या" म्हणून सांगायला आले. ही म्हणाली, "तुमच्या मुलाला चाळीसची स्पीड आहे, साहेब. चुकांची." पुढारी जिना उतरताना खालच्या पोत्यावर आदळले, असं खतवाला अजून सांगतो. मला ते खरं वाटत नाही, पण ऐकायला आवडतं.

तिनं लग्न केलं नाही. भाऊ नितीन, त्याला हिनंच शिकवलं. तो नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत लागला आणि बायकोपोरांसकट तिकडंच राहिला. आई विमलबाई हिच्याकडे. अठ्ठ्याऐंशी साली आईला लकवा मारला आणि पुढची सहा वर्षं ती अंथरुणावर होती. नितीन महिन्यातून एकदा यायचा, आईच्या पायावर डोकं ठेवायचा, अर्धा डझन केळी ठेवायचा आणि जायचा. बाकीचं सगळं, म्हणजे धुणं, पुसणं, कूस बदलणं, भरवणं, जयमालाचं. सकाळच्या बॅचच्या आधी, दुपारच्या बॅचच्या मध्ये, संध्याकाळच्या बॅचनंतर. चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये विमलबाई गेल्या. जयमाला रडली नाही. चौथ्या दिवशी तिनं इन्स्टिट्यूट उघडलं. लोक म्हणाले, "काय खंबीर बाई आहे!" लोकांना खंबीर बाई फार आवडते. तिला काही द्यावं लागत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात सरकारी परीक्षा होती. एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये साठ मशीन लावलेली. परीक्षकांनी "सुरू करा" म्हटलं आणि साठ मशीन एकदम कडाडली. जयमाला भिंतीशी उभी होती. तिच्या छातीत धडधड सुरू झाली, हातापायाला मुंग्या आल्या. आपण आता मरतो, हे तिला इतकं स्पष्ट कळलं की ती कुणाला न सांगता बाहेर गेली आणि पाण्याच्या टाकीजवळ चपला हातात घेऊन बसली. चपला का काढल्या, हे तिला नंतरही सांगता आलं नाही.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. हृदय उत्तम. डॉक्टर म्हणाले, "गॅस." पंधरा दिवसांनी स्वतःच्याच इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा तसंच झालं. मग आठवड्यातून दोनदा. आठ मशीन एकदम चालू झाली की बाई जिन्यात. आमचे यजमान नृसिंहराव हायस्कुलात संस्कृत शिकवतात आणि सुट्टीत लोकांच्या सत्यनारायणाला बसतात. त्यांनी पंचांग काढून साडेसाती असल्याचं जाहीर केलं. जयमाला म्हणाली, "नृसिंहराव, त्या शनीला माझ्या तीन नंबरच्या मशीनवर बसवा. बघू तरी, त्याची स्पीड किती येते." तेव्हापासून आमच्या घरात तिच्या पत्रिकेचा विषय निघाला नाही.

त्या सुमारास एका ट्रस्टनं गावातल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी मनाच्या आजारांवर सल्ला द्यायची सोय केली होती. नगरहून एसटीनं मनवा मॅडम यायच्या. वय तीसेक, खांद्याला झोळी, कॉलेजात पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारख्या दिसायच्या. त्याच मजल्यावर दातांचे डॉक्टर होते. कुणी जिना चढताना दिसला की म्हणायचा, दाताला चाललोय. त्या वर्षी संगमनेरात दातांचं दुखणं फार वाढलं.

जयमालानं ती भानगड ठेवली नाही. शनिवारी चारला कुलूप लावायची आणि खतवाल्याला ओरडून सांगायची, "वेड्यांच्या डॉक्टरकडं चाललेय, काही आणायचंय का?"

पहिल्या दिवशी परत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, मला वाटतं तुम्ही शिकाऊ आहात. तर हसली. म्हणाली, तीन वर्षं झाली हेच काम करतेय. म्हटलं, मग ठीक आहे."

"आणि औषध?"

"औषध नाही. बोलायचं. मी बोलायचं आणि तिनं ऐकायचं. प्रेमे, तासभर मधे न बोलता ऐकणारी बाई मी पहिल्यांदा बघितली."

हा टोला मला होता. मी सोडून दिला.

पण गुण येत गेला. मनवा मॅडमनी तिला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. धडधड सुरू झाली की पळायचं नाही, तिथंच उभं राहून ती ओसरेपर्यंत बघायचं. आधी एका मशीनच्या आवाजात बसायचं, मग दोन, मग चार. मे महिन्यात चौदाच्या चौदा मशीन चालू असताना बाई मधे उभ्या राहिल्या. जूनच्या परीक्षेत हॉलमध्ये शेवटपर्यंत थांबल्या, चपला पायातच. शनिवार हा तिचा सणाचा वार झाला. त्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसायची. मी चिडवायची, "देवळात चाललीस काय?" ती म्हणायची, "देवळात नुसतं आपणच बोलतो. इथं समोरून उत्तर येतं."

आणि मग ऑक्टोबरात, एका बुधवारी, पोस्टानं पत्र आलं.

गुरुवारी मी दूध संघातून सुटल्यावर तिकडं गेले तर इन्स्टिट्यूटला कुलूप. जिन्यात तीन पोरी ताटकळत उभ्या. मी मागच्या गल्लीत तिच्या खोलीवर गेले. दार उघडंच होतं. जयमाला टेबलाशी बसली होती आणि समोर एक टाइप केलेला कागद. कागदावर लाल पेन्सिलीच्या इतक्या खुणा की गोवर आल्यासारखा दिसत होता.

"वाच," ती म्हणाली.

मजकूर चार ओळींचा होता. श्री./श्रीमती, पुढं मोकळी जागा, त्यात पेनानं लिहिलेलं जयमालाचं नाव. काही अपरिहार्य वैयक्तिक कारणामुळे या आठवड्यापासून आपल्या भेटी बंद करण्यात येत आहेत. आपली प्रगती समाधानकारक आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार. खाली मनवा मॅडमची सही.

"'श्री.' खोडलेलं नाही," जयमाला म्हणाली. "समास वाकडा. 'अपरिहार्य'च्या जागी 'अपरीहार्य'. एकूण सात चुका. आणि हे बघ." तिनं कागद उजेडात धरला. अक्षरं निळसर, फुगलेली, कडा पुसट. "ही कार्बनखालची प्रत आहे. पहिली नाही, दुसरी नाही, तिसरी. मी वीस वर्षं कार्बन बघतेय. माझ्यावर तिसरी कार्बन, प्रेमे!"

कागदाच्या कोपऱ्यात तिनं शंभरपैकी अडतीस गुण दिले होते. खाली शेरा: नापास. फेरपरीक्षेस बसावे.

मला हसू आलं. तिला आलं नाही, तेव्हा मला कळलं की मामला गुणांचा नाही.

"काल पुन्हा झालं," ती म्हणाली. "चार मशीनवरच. मी पळाले."

"मग आता?"

ती उठून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि तशीच, पाठमोरी बोलायला लागली. "आई गेली तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. मी नाडी बघितली, तोंडापुढं आरसा धरला. गेलीच होती. मग मी कुणाला हाक मारली नाही. स्टोव्ह पेटवला, आलं ठेचलं, चहा केला. खुर्चीत बसून अख्खा कप प्याले. सहा वर्षांत मी एकदाही गरम चहा पूर्ण प्याले नव्हते; मधेच ती हाक मारायची. अर्धा तास बसले. आणि चहा लई चांगला लागला. मग दार वाजवून शेजारणीला सांगितलं."

मी टेबलावरचा तो कागद उलटा करून ठेवला.

"हे मी दीड वर्ष कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या शनिवारी त्या बाईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, वेळ संपली म्हणाली, आणि बुधवारी हे. आता तूच सांग, ती का गेली."

मला मोठं शहाणपणाचं काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "साखर किती घातली होतीस?"

ती वळली. "दोन चमचे."

"मग चांगला लागणारच."

ती हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. आईच्या वेळचं, त्यानंतरचं, सगळं एकदम. मी शेजारी बसून राहिले. पाठीवरून हात फिरवला असता, पण तिला ते चालत नाही.

रडून झाल्यावर तोंड धुऊन ती म्हणाली, "जाब विचारायला जायचं."

"कुणाला?"

"तिला. माझ्याकडं तीन महिन्यांचा क्लास लावलेली पोरगीसुद्धा सोडताना आठ दिवस आधी तोंडावर येऊन सांगते. ह्या बाईनं सात चुकांचं पत्र पाठवावं? आणि गेली तर गेली, पण का गेली ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय. नाहीतर मी आयुष्यभर त्या चहाच्या नावानं जिन्यात पळत बसेन."

ट्रस्टच्या कंपाउंडरकडून पत्ता काढला. नगर, भिंगार कॅम्प. मॅडमचे यजमान लष्करात आहेत, हे आम्हाला तेव्हा कळलं. शुक्रवारी मी पोट दुखल्याची रजा टाकली आणि आम्ही सकाळची एसटी पकडली. कोल्हारपर्यंत जयमाला मनातल्या मनात भाषण घोकत होती. राहुरीला तिनं ते मला म्हणून दाखवलं. त्यात "बेजबाबदार" हा शब्द चार वेळा होता. मी म्हटलं, दोन पुरे. नागापूरच्या कारखान्यांवरून गाडी गेली तेव्हा मी नितीनकडे जायचं का विचारलं. "नको," ती म्हणाली, "तो केळी देईल."

नगरच्या तारकपूर स्टँडवर उतरून रिक्षा केली. क्वार्टरसमोर ट्रक उभा होता. अंगणात काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर. मनवा मॅडम ओढणी कमरेला खोचून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. आम्हाला बघून त्यांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

जयमालानं भाषण केलंच नाही. पर्समधून पत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

मॅडमनी ते वाचलं. अडतीसपर्यंत आल्या, शेऱ्यापर्यंत आल्या, आणि खुदकन हसल्या. मग लगेच तोंडावर हात धरून ट्रंकेवर बसल्या. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नापासच आहे हे."

"तिसरी कार्बन आहे," जयमाला म्हणाली.

"मला माहीत नव्हतं कुणाला कितवी गेली. ह्यांची ईशान्येकडं बदली झाली. दहा दिवसांत हजर व्हायचंय. माझ्याकडे तुम्ही अकरा जण. मी एका बैठकीत सगळी पत्रं टाइप केली आणि पोस्टात टाकली."

"एक शनिवार येऊन सांगता आलं असतं."

"आलं असतं." मॅडमनी पत्राची घडी घातली. "खरं सांगू? मला तुमचे चेहरे बघायचे नव्हते. भीती वाटली. बदली, सामान, ट्रक ही कारणं आहेतच, पण शनिवारी एक दिवस काढता आला असता. मी काढला नाही. ते चुकलं."

जयमाला मान हलवत राहिली. तिची बोटं पर्सच्या पट्ट्यावर टाइप करत होती. मग तिनं विचारलं, "चहामुळे नाही ना?"

"कुठला चहा?"

मी फाटकाशी उभी होते. मला वाटलं, आता जयमाला पातेलं उचलून मारते. जयमालाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दीड वर्ष उरावर घेऊन फिरलेलं तिचं सगळ्यात मोठं पाप, आणि समोरच्या बाईला आठवेना!

"माझी आई गेली तेव्हाचा," ती दात आवळून म्हणाली. "आल्याचा!"

"अहो, तो!" मॅडमच्या लक्षात आलं. "त्याच्यामुळे? जयमालाताई, त्या दिवशी तुम्ही एवढं घाबरत घाबरत सांगितलंत आणि शेवटी चहाच निघाला. मला वाटलं अजून पुढं काहीतरी असेल. सहा वर्षं एकटीनं केलंत आणि एक कप चहा प्यालात. त्यात चुकीचं काय, तेच मला कळलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारणार होते."

"पुढची वेळ तुम्ही ठेवली नाहीत."

"नाही ठेवली. आत्ता बसूया?"

मग त्या दोघी आतल्या रिकाम्या खोलीत जमिनीवर बसल्या. मला मॅडमच्या यजमानांनी अंगणातल्या ट्रंकेवर बसवलं आणि बिस्किटं दिली. मेजरसाहेब फार सज्जन माणूस. तासभर त्यांनी मला तोफांबद्दल सांगितलं आणि मी त्यांना दुधाच्या फॅटबद्दल. आत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, आणि जयमालानंही सगळं सांगितलं नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हातात चिठ्ठी होती, नगरच्याच एका दुसऱ्या समुपदेशकाच्या नावाची. मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली. फाटकाशी दोघींनी हात जोडले. जयमाला म्हणाली, "बाकीच्या दहा जणांनाही लिहा, पेनानं." मॅडम म्हणाल्या, लिहीन. आमच्या गावच्या त्या दातवाल्या डॉक्टरांच्या मजल्यावर चढणाऱ्या दोघा-तिघांना पुढं खरंच पत्रं आल्याचं कळलं.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "मग, आता बरं वाटतंय?"

"नाही," ती म्हणाली. "राग आहेच. पण आता तो तिच्यावर आहे, माझ्यावर नाही. हे जरा हलकं पडतं."

दुसरे समुपदेशक म्हणजे शौनक सर. दर दुसऱ्या मंगळवारी नगरला जायचं. जयमालाला ते पहिल्या दिवशीच आवडले नाहीत. "प्रत्येक वाक्याला 'हं' म्हणतो. मी मोजले, तासात बासष्ट. स्पीड बरी आहे, पण मजकूर काहीच नाही." तरी ती गेली. तिसऱ्या खेपेला तिनं त्यांना तोंडावर विचारलं, "तुम्ही लष्करात बिष्करात नाही ना? बायको बदलीच्या नोकरीत? घर भाड्याचं?" ते बिचारे गोंधळले. मग म्हणाले, जायचं झालं तर दोन महिने आधी सांगेन. तिनं ते त्यांच्याकडून लिहून घेतलं. वर्षभर गेली. "माणूस मनवासारखा नाही," असं ती शेवटपर्यंत म्हणायची, "पण दुसरी मनवा मिळत नाही म्हणून काय उपाशी राहायचं?"

शहाण्णवच्या मार्चमध्ये विमलबाईंचं दुसरं पुण्यस्मरण झालं. फोटोला हार, मेणबत्त्या, बुद्धवंदना, मग जेवणं. नितीन सहकुटुंब आला होता, केळी घेऊन. जेवणानंतर बायका बसल्या असताना कुणीतरी नेहमीचं सुरू केलं, जयमालानं आईचं किती केलं, किती खंबीर पोर. जयमाला म्हणाली, "खंबीर बिंबीर काही नाही. आई गेली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. मी आधी चहा प्याले, मग तुम्हाला कळवलं."

नितीनच्या बायकोनं पदर सावरला. मी जमिनीकडे बघत बसले. तेवढ्यात कोपऱ्यात पाय पसरून बसलेली बायडाबाई, म्हणजे जयमालाची मावशी, वय पंच्याहत्तर, दात तीन, ती म्हणाली, "मंग? त्यात काय झालं? तुजा काका आठ वरीस खाटंवर हुता. मेला त्या दिशी म्या दार लावून पेढा खाल्ला. शेजारच्या पोराच्या बारशाचा हुता. आन् मंग बाहीर यिऊन अशी बोंब मारली, अशी बोंब मारली, की चार गल्ल्या गोळा झाल्या!"

पहिल्यांदा हसली ती जयमाला. मग सगळ्या हसायला लागल्या. नितीन बाहेरून बघायला आला, काय झालं म्हणून. कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी जाताना तो दाराशी थांबला आणि म्हणाला, "ताई, मी तेव्हा जास्त यायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "व्हय. पाहिजे होतं." त्यानंही कारणं दिली नाहीत. मला वाटतं त्या बहीणभावात तेवढंच खरं बोलणं झालं असेल, पण झालं.

ते धडधडणं कायमचं गेलं, असं मी सांगणार नाही. मधेअधे येतं. गेल्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, आमच्या पुतण्याच्या लग्नात भर पंगतीत बँडवाले आत घुसले आणि जयमाला ताटावरून उठली. मी मागं जायला निघाले तर हातानं खूण करून बस म्हणाली. मांडवामागं आचाऱ्यांच्या चुलींजवळ जाऊन उभी राहिली. आचारी कानिफनाथ मला नंतर म्हणाला, "त्या बाई डोळे मिटून उभ्या होत्या. मी विचारलं, चक्कर आली का? तर म्हणाल्या, नाही, येऊन जातेय, तू तुझं तळ." दहा मिनिटांनी ती परत आली. नृसिंहराव काळजीनं काहीतरी विचारणार, तेवढ्यात तिनं वाढप्याला हाक मारली, दोन जिलब्या आणि मठ्ठा मागून घेतला आणि त्यांना म्हणाली, "बघताय काय, जेवा. तुमचे मंत्र लांबले की जेवण गार होतं."